साराचं हसणं आणि हेब्रोनची पायवाट

मसार इब्राहिम, म्हणजे अब्राहामाची वाट, म्हणून एक पायवाट आहे पॅलेस्टाईनमध्ये, जेनिनजवळच्या रुम्मानापासून हेब्रोनच्या खाली बैत मिरसिमपर्यंत, साधारण 330 किमी. आम्ही सगळी नाही चाललो, फक्त बेथलेहेमच्या पुढचा वाळवंटाकडचा भाग आणि तिथून हेब्रोन. आमच्या ग्रुपमध्ये नगर पुण्याकडचे ख्रिस्ती लोक, बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. काहींनी गावाकडे पंढरीची वारी लहानपणापासून बघितलेली, त्यामुळे चालायला लागल्यावर पहिल्याच चढावर कोणीतरी अभंगाच्या चालीवर ख्रिस्ती भजन सुरू केलं आणि मग ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

मला जायचं होतं ते सारासाठी, बायबलमधली अब्राहामाची बायको, जिला म्हातारपणी मूल झालं. माझ्या मावशीला मूल नव्हतं. दर रविवारी चर्चमधून बाहेर पडताना कोणी ना कोणी तिला सांगायचंच, देव साराला विसरला नाही तर तुला कसा विसरेल गं. चांगल्या मनानेच म्हणायचे, पण ती घरी येऊन पदर डोळ्याला लावायची ते मी बघितलंय. तेव्हापासून बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचा 18वा अध्याय, साराची गोष्ट, वाचला की माझ्या पोटात तुटतं.

रशायदाच्या बेदुइन, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या, लोकांकडे आमचा मुक्काम होता. बकरीच्या केसांचा काळा तंबू, मधे पडदा, एका बाजूला पाहुणे आणि पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका आणि चूल. आम्हा बायकांना आत बसवलं. पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, कप ठेवल्याचा आवाजसुद्धा. तिथे बसल्यावर मला पहिल्यांदा नीट कळलं की साराने मुलगा होईल हे वचन कसं ऐकलं असेल. भर उन्हात तीन पाहुणे आलेत, अब्राहाम पळत येऊन सांगतो तीन मापं सपीठ मळ आणि भाकरी कर, ती करते, आणि तिच्याबद्दलचं एवढं मोठं बोलणं चाललंय ते बाहेर, नवऱ्याशी. ती आत. वय 90. तिचं मासिक चक्र कधीच थांबलंय हे शास्त्र सरळ सांगतं, आडपडदा न ठेवता. आणि ती मनातल्या मनात हसते.

त्या हसण्याला अविश्वास म्हणून किती प्रवचनं झालीत! पण एक अध्याय मागे जा ना, 17व्यात अब्राहाम हेच वचन ऐकून पालथा पडून हसलाय, शंभर वर्षांच्या माणसाला मूल होईल का म्हणून, त्याला कोणी अविश्वासू म्हणत नाही. मला तर ते थकलेल्या बाईचं हसणं वाटतं. इतकी वर्षं वाट बघितली, मधे स्वतःहून आपल्या दासीला, हागारला, नवऱ्याकडे पाठवलं, त्याचा त्रास स्वतःही भोगला आणि हागारला तर फारच भोगायला लावला, आता कोणी येऊन म्हणतं पुढच्या वर्षी याच वेळी मुलगा होईल. हसू नाही येणार तर काय येणार. देवाने अब्राहामाला विचारलं सारा का हसली, ती घाबरून नाही म्हणाली, तो म्हणाला हसलीस. बास एवढंच. वचन काही मागे घेतलं नाही.

यजमानीणबाईला आमच्या गाइडने विचारलं तर तिला ही गोष्ट माहीत होती, कुराणातही इब्राहिमची बायको तिथेच उभी असते आणि हसते.

पुढे बनी नईमला पोचलो, उंचावर आहे, तिथून मृत समुद्राकडचा उतार दिसतो. पाहुण्यांना वाटेला लावायला अब्राहाम आला आणि सदोम शहराकडे बघत उभा राहिला ती जागा हीच असं लोक मानतात. तिथून हेब्रोन.

मकपेलाची गुहा, जिथे सारा आणि अब्राहामाला पुरलं, ती म्हणजे आता हेरोदाच्या काळच्या प्रचंड दगडी भिंती आणि आत दोन वेगळे भाग, 1994 नंतर वाटून दिलेले, एक ज्यू लोकांचा एक मुसलमानांचा. खरी गुहा खाली, वर फक्त कबरीच्या खुणा. साराची खूण ज्यू बाजूला आहे, इसहाकाची मशिदीत. आईपासून लेकाकडे जायला आम्हाला बाहेर पडून परत तपासणीतून जावं लागलं, आणि इथले लोक तर वर्षातले ठरावीक 10-10 दिवस सोडले तर पलीकडे जाऊच शकत नाहीत. मला ते सहन झालं नाही, मी रडले.

अब्राहामाने हे शेत एफ्रोन हित्तीकडून 400 शेकेल वजनाची चांदी तोलून देऊन घेतलं, सगळा देश देईन असं वचन मिळालेल्या माणसाची पहिली स्वतःची जमीन, आणि ती बायकोच्या मातीसाठी. सारा 127 व्या वर्षी गेली. म्हणजे तिला आईपण 37 वर्षं मिळालं! आपण कायम बाळाच्या जन्मापाशी थांबतो, त्या 37 वर्षांबद्दल कोणी बोलत नाही. इसहाकाचं लग्न चाळिसाव्या वर्षी झालं आणि रिबेकाला त्याने आईच्याच तंबूत आणलं, तेव्हा कुठे आईच्या जाण्याचं दुःख हलकं झालं असं लिहिलंय.

आणि मावशीसारख्या बायकांना हे वचन ऐकवणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, ते साराला दिलेलं होतं, नाव घेऊन, वेळ सांगून. ते दुसऱ्या कोणाला वाटायचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. तिच्याजवळ नुसतं बसा.