टाइल लावायच्या आधी एक रात्र

किचनचं काम निघालं की सगळ्यांना घाई असते ती टाइल लावायची. आज तीच थांबवली. भिंतीतले सीपीव्हीसी (पाण्याचे प्लास्टिक) पाइप झाकण्याआधी प्रेशर टेस्ट, म्हणजे दाबाने पाणी भरून गळती बघणं, हवीच.

सॉल्व्हंट सिमेंटचे (पाइप चिकटवायच्या द्रावाचे) जोड 24 तास सुकू द्यायचे, सगळी तोंडं प्लगने बंद करायची, पाणी भरताना सगळ्यात उंच तोंडातून हवा काढायची (हवा अडकली तर प्रेशर गेजचा काटा फसवतो), मग हातपंपाने नेहमीच्या दीडपट दाब देऊन रात्रभर ठेवायचं. काटा उतरला तर आधी नळाच्या तोंडाशी असलेले आट्यांचे जोड बघा. टेफ्लॉन टेप कमी पडलेली असते, नाहीतर पाना जास्त आवळून फिटिंगला तडा गेलेला असतो.

सिंकच्या ड्रेनला मीटरमागे साधारण 2 सेंमी उतार. कमी पडला की तेलकट गाळ साचतो. इथे लेव्हल लावूनच बघायचं, 'अंदाज आहे साहेब' चालत नाही!

झाकण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून पाइपांचा फोटो काढून ठेवा, पुढे ड्रिल मारताना उपयोगी पडतो. आणि फ्रिजचा विजेचा पॉइंट बाजूला घ्या. मागे घेतला तर प्लगमुळे फ्रिज पुढे येतो आणि शेजारच्या कपाटाचं दार अडतं.