इलुलिसाटच्या किनाऱ्यावरची पाटी

कोपनहेगनमध्ये सहा वर्षं काढल्यावर इथल्या नियमांचा राग येत नाही असं वाटत होतं. जुलैत बाबांना घेऊन डेन्मार्कच्याच राज्यातल्या ग्रीनलंडला गेले आणि इलुलिसाट गावाजवळ, सेर्मेर्मिउतच्या किनाऱ्यावर राग आलाच. पाटीवर लिहिलेलं: अतिशय धोका, किनाऱ्यावर चालू नका, मृत्यू येऊ शकतो, हिमनग फुटून अचानक त्सुनामीच्या लाटा येतात. समोर पाणी तेलासारखं शांत. बाबांनी तीस वर्षं हर्णैच्या बंदरातून होडी हाकली, मी त्याच वाळूत वाढले. आम्हाला समुद्र पाटीने शिकवायचा?

दुसऱ्या दिवशी बोटीने गेलो. बोट चालवणारा तांडेल (बाबा त्याला तेच म्हणत होते) एका हिमनगापासून बराच लांब थांबला. मी म्हटलं, थोडं जवळ घ्या. त्याने नुसती मान हलवली आणि इंजिन बंद केलं. तेव्हा ऐकू आलं: आजूबाजूचे बर्फाचे तुकडे तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखे चुरचुरत होते. हजारो वर्षांपूर्वीच्या हिमात कोंडलेली हवा सुटत होती. हिमनगाच्या भेगांमधला निळा रंग मी आजवर कुठे पाहिलेला नाही. तो बघताना माझे डोळे भरून आले, बाबांनी टोपी काढून हातात घेतली.

आणि वरचा एक कडा सुटला. आवाज मागाहून आला. अख्खा डोंगर डुलला, कलला आणि उलटला; खालची काचेसारखी गुळगुळीत बाजू पाणी ओतत वर आली. तांडेलाने तोवर बोटीचं तोंड लाटेकडे वळवलं होतं. आम्ही तीनदा वर गेलो, तीनदा खाली. "आडवी घेतली असती तर गेलो असतो गं," बाबा एवढंच म्हणाले.

आपल्या दर्याला वारा लागतो, तो आधी रंग बदलतो. हिमनगाला काहीच लागत नाही. खालून कमीजास्त वितळत जातो, तोल सरकतो आणि निवांत दुपारी तो उलटतो. खोल पाण्यात ती लाट तोंड तिच्याकडे केलेल्या बोटीला नुसती उचलते, पण उथळ किनाऱ्यावर तीच उंच होऊन चढते. पाटी बरोबर तिथेच का, ते तेव्हा कळलं.

हे सगळे हिमनग सेर्मेक कुयाल्लेक या एका हिमनदीचे. 2012 च्या उन्हाळ्यात ती दिवसाला 46 मीटर सरकत होती. तिचे मोठे तुकडे फ्योर्डच्या, म्हणजे हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीच्या तोंडाशी, पाण्याखालच्या उंचवट्यावर अडकून राहतात, म्हणून किनाऱ्यावरून एवढे दिसतात. 2004 पासून हा फ्योर्ड जागतिक वारसा आहे. 1850 पासून हिमनदीचं तोंड 40 किलोमीटरहून जास्त मागे गेलंय.

परतल्यावर ऑफिसात एकीने विचारलं, तुमच्याकडे असतात का अशा पाट्या? मी जरा जोरातच सांगितलं की नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटणं ही आमची पाटी, आणि ती फार जुनी आहे. हर्णैत बुडतात ते कोळ्यांना न विचारता उतरणारे. हे खरंच आहे. पण रात्री उत्तराखंडातलं चमोली आठवत राहिलं. 7 फेब्रुवारी 2021 ला खडक आणि बर्फ एकदमच कोसळला, दोनशेहून जास्त माणसं गेली. तिथल्या तपोवन जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यात काम करणाऱ्यांना वेळेत इशारा देणारी कुठलीच यंत्रणा नव्हती. स्वित्झर्लंडमधलं ब्लाटेन मे 2025 मध्ये बर्च हिमनदीखाली गाडलं गेलं, पण तिथली तीनशे माणसं आधीच हलवली होती. हिमालय केवढा आणि ती एक दरी केवढी, हेही मी स्वतःला सांगितलं. झोप आली नाही.

इलुलिसाटच्या शेवटच्या संध्याकाळी, म्हणजे लख्ख उन्हात, आम्ही परत सेर्मेर्मिउतला गेलो आणि वरच्या खडकावर बसलो. दोन तरुण मुलं पाटी ओलांडून खाली निघाली होती. बाबा उठले आणि बंदरावर हाक मारायचे तशा आवाजात ओरडले, "अरे पोरांनो, खाली नको! वर या!"

मुलं थांबली, वळली आणि वर आली.