तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवाल्यांच्या परिषदेत माझं काय काम?

मी नागपुरात एमबीबीएसच्या पोरांना फिजिऑलॉजी शिकवते. न्यूरल नेटवर्कवरच्या, म्हणजे मेंदूच्या धर्तीवर रचलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामवरच्या, परिषदेला निघाले की स्टाफरूममधला प्रश्न ठरलेला: "मॅडम, तुम्ही तिथे काय करून राहिल्या? तो तर कॉम्प्युटरवाल्यांचा मामला."

तो मामला एकट्या त्यांचा कधी नव्हताच. कृत्रिम न्यूरॉनचं, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या नकलेचं, गणिती मॉडेल १९४३ साली मांडलं ते मॅकलक आणि पिट्स या जोडीने. पहिला मेंदूचा अभ्यासक, दुसरा तर्कशास्त्रात रमलेला. १९५८ साली पर्सेप्ट्रॉनची, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या सुरुवातीच्या नेटवर्कची, कल्पना मांडणारा रोझेनब्लॅट मानसशास्त्रज्ञ. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांना मांजराच्या मेंदूत ठरावीक कोनातल्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या, त्यावरून जपानी संशोधक फुकुशिमांनी १९८० साली निओकॉग्निट्रॉन हे आकार ओळखणारं नेटवर्क रचलं. फोटोतले चेहरे ओळखणाऱ्या आजच्या नेटवर्कची वंशावळ तिथवर जाते. आणि आमच्या मांजराचं नाव आज कोणी काढत नाही, ते सोडा.

परिषदेत दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, 'वेळेअभावी थोडक्यात' म्हणत लांबलेली भाषणं, हे आपल्याकडे असतंच. मी जाते ती पोस्टरसाठी. मागे एका पोस्टरपाशी इंजिनिअरिंगचा मुलगा उभा होता. त्याच्या नेटवर्कमधला एकच न्यूरॉन एकाला उत्तेजन देत होता आणि दुसऱ्याला दाबत होता. एका जोडणीचं वजन, म्हणजे तिचा जोर, अधिक, शेजारच्या जोडणीचं उणे. मी म्हटलं, अरे, मेंदूत असं सहसा होत नाही. ग्लुटामेट हे रसायन सोडणारी पेशी उत्तेजन देते, गाबा हे रसायन सोडणारी दाबते. ज्याने त्याने आपापलं काम करायचं. आम्ही त्याला डेलचं तत्त्व म्हणतो. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्यात चालते."

मग त्याने मला विचारलं. नेटवर्कचं उत्तर चुकलं की ती चूक शेवटच्या थरापासून उलटी मागे नेतात आणि प्रत्येक जोडणीचं वजन थोडं थोडं बदलतात. याला बॅकप्रोपगेशन म्हणतात. पण अॅक्सॉनमधला, म्हणजे पेशीच्या लांब तंतूतला, संदेश तर पुढेच जातो. मग मेंदूतल्या सिनॅप्सला, म्हणजे दोन पेशींमधल्या जोडणीला, आपली चूक कळते कशी? डीएनएवाल्या फ्रान्सिस क्रिक यांनी १९८९ मध्ये हाच आक्षेप घेतला होता. डोपामिन या मेंदूतल्या रसायनाबद्दल मला जे माहीत होतं ते सांगितलं, पण ते पूर्ण उत्तर नव्हे. पूर्ण उत्तर अजून आमच्या शास्त्राकडेच नाही. तीस वर्षांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांनी हा प्रश्न मला कधी विचारलेला नाही. त्यांना गरजच पडत नाही; या पोराला पडली, कारण त्याला ते बांधायचं होतं.

विजेच्या खर्चाचंही तसंच. आपला मेंदू साधारण वीस वॅटवर चालतो; याचं एक कारण म्हणजे त्यातल्या बहुतेक पेशी बहुतेक वेळ गप्प असतात. ते बघून आयबीएमने २०१४ साली ट्रूनॉर्थ चिप काढली: दहा लाख न्यूरॉन, वीज सुमारे सत्तर मिलिवॅट. तरी आज बाजारात चालतात ते वीज पिणारे जीपीयूच, म्हणजे मुळात ग्राफिक्ससाठी बनवलेले प्रोसेसर. 'मेंदूसारखं' हा शब्द ब्रोशरवर जरा सढळ हाताने वापरतात, असं माझं मत आहे. पोस्टरपाशी तसं बोलूनही दाखवते.

यंदा पीजीच्या मुलांनाही नेणार आहे. त्यांनी आधी एवढंच विचारलं, की क्रेडिट पॉइंट मिळतात का. नाही मिळत, म्हटलं. तरी दोघं तयार झाले.