फोडणीचे तेल, भाजीची कढई आणि काटा: पावसाळ्याअखेरच्या कॅलरी नोंदी

पावसाळा सरत आला आहे, तेव्हा या हंगामातील माझ्या कॅलरींच्या नोंदी एकत्र मांडतो. कॅलरी मोजणाऱ्या आपल्या गटातील काहींनी स्वयंपाकघरात वापरायचा काटा नुकताच घेतला असेल, म्हणून आधी हिशेबाचा पाया सांगून मग प्रत्यक्ष निरीक्षणांकडे वळतो.

दिवसभरात शरीर किती ऊर्जा खर्च करते याचा अंदाज मी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने बांधतो. किलोमधील वजनाची दहापट आणि सेंटिमीटरमधील उंचीची ६.२५ पट यांची बेरीज करून तीतून वयाची पाचपट वजा करावी. त्यानंतर पुरुषांनी ५ मिळवावेत आणि स्त्रियांनी १६१ वजा करावेत. ७८ किलो वजन, १६५ सेंटिमीटर उंची आणि ४४ वर्षे वय, हे माझे आकडे घातले की उत्तर साधारण १,५९६ येते, आणि ही निव्वळ पडून राहिलो तरी लागणारी ऊर्जा होय. कार्यालयातील बैठे काम आणि सकाळचे चालणे धरून तिला १.३७५ ने गुणले की सुमारे २,१९५ कॅलरी होतात. वजन उतरावे म्हणून त्यातून ४०० वजा करून मी रोजच्या खाण्याचे लक्ष्य १,८०० ठेवले आहे. याहून मोठी कपात मला शहाणपणाची वाटत नाही. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी, गरोदर वा स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आणि खाण्याविषयीच्या विकारातून गेलेल्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कॅलरींची ही वही उघडूच नये.

पदार्थांचे आकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये काढलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांतून घेतो. त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली असते, त्यामुळे त्या आकड्याला ४.१८४ ने भागल्याशिवाय तो आपल्या वहीत उतरवू नये. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी आणि स्निग्ध पदार्थांच्या ग्रॅममागे ९, एवढे पाठ असले तरी निम्मे काम भागते.

उरलेले निम्मे काम तेलाशी आहे, आणि या हंगामात मी सर्वाधिक वेळ त्यावरच घालवला. पोळी किती खाल्ली हे प्रत्येकाला आठवते, पण फोडणीत किती तेल गेले हे जेवणाऱ्याला दिसतच नाही. आई चाळीस वर्षांच्या सरावाने अंदाजाने तेल घालते, आणि तिला दर वेळी चमचा धरायला सांगणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून तेलाची बरणीच स्वयंपाकापूर्वी आणि नंतर काट्यावर ठेवू लागलो; दोन वजनांतील फरक म्हणजे त्या वेळचे तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे जवळपास २७० कॅलरी होतात. माझी रोजची कपात ४०० ची आहे हे लक्षात घेतले, तर न लिहिलेले तेल तिचा दोन तृतीयांश भाग गिळून टाकते. आता आईच विचारते, "आज किती ग्रॅम गेलं रे?" आणि उत्तर तिला पटले नाही तर बरणी पुन्हा काट्यावर ठेवायला लावते.

भाजी आणि आमटीसाठी रिकाम्या कढईचे आणि पातेल्याचे वजन त्यांच्या तळाशी पक्क्या शाईने लिहून ठेवले आहे. सगळे जिन्नस कच्चे असताना तोलून त्यांच्या कॅलरींची बेरीज करावी, शिजल्यावर भरलेल्या कढईच्या वजनातून रिकामीचे वजन वजा करावे आणि आपल्या वाटीत आलेल्या वजनाच्या प्रमाणात बेरजेचा वाटा काढावा. कच्चा आकडा शिजलेल्या पदार्थाला लावल्याने नवख्यांचा हिशेब सर्वाधिक फिसकटतो. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी असतात, तर तेवढ्याच वजनाच्या भातात १३० च्या आसपास, कारण भातात पुष्कळसे पाणी असते. पोळीचे वजनही कणकेत मिसळलेल्या पाण्यामुळे बदलते, म्हणून मी कोरडे पीठ धरतो: ३५ ग्रॅम कणीक आणि अर्धा चमचा तेल मिळून साधारण १४०. बाजरीची भाकरी ६५ ग्रॅम पिठाची, म्हणजे २३० च्या आसपास. आकडा मोठा दिसतो, पण एका भाकरीत माझे जेवण होते आणि तिला तेल लागत नाही.

श्रावणातील नोंदी मात्र मजेशीर आहेत. शंभर ग्रॅम साबुदाणा (३५०), चाळीस ग्रॅम दाण्याचा कूट (२२५), पंधरा ग्रॅम तूप (१३५) आणि लहानसा बटाटा एवढ्याची एक भरलेली ताटली खिचडी होते आणि ती साडेसातशेच्या घरात जाते. उपवासाच्या दिवशी माझी बेरीज एरवीपेक्षा वाढते, ती या कुटामुळे आणि तुपामुळे. उपवास न सोडता भगर, ताक आणि काकडीची कोशिंबीर यांवर भर दिला, तेव्हा बेरीज लक्ष्याच्या आत आली.

रविवारची मिसळ सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. काळ्या मसाल्याची मिसळ तोलता येत नाही, म्हणून घटक धरून अंदाज लिहितो: मटकीची उसळ १५०, मूठभर फरसाण २००, दोन पाव २२०, वर तरंगणारी तर्री १५० आणि तळलेला पापड ५०. मी ८०० लिहितो, कारण अंदाज करायचाच तर तो वरचा असावा. जिलेबी घेतलीच तर वेगळी ओळ.

दुसऱ्या दिवशी काट्यावर एखादा किलो वाढलेला दिसतो, तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे की एक किलो चरबी साठायला अंदाजे ७,७०० कॅलरी जास्तीच्या लागतात आणि तेवढी मिसळ कोणी एका बैठकीत खात नाही. ते मिठाने धरून ठेवलेले पाणी आणि पोटातील अन्न असते. म्हणून मी रोज सकाळी वजन घेतो, पण तुलना आठवड्याच्या सरासरीशीच करतो.

कृषीनगरच्या ट्रॅकवर चालून आल्यावर मनगटावरचे घड्याळ जो आकडा दाखवते, तो मी वहीत मिळवत नाही, कारण १.३७५ च्या गुणकात ते चालणे आधीच धरलेले आहे. घड्याळाने दिलेल्या तीनशे कॅलरींची भरपाई म्हणून वडापाव खाणारे आमच्या गटात आहेत. त्यांचे वजन जागचे हललेले नाही.

सरासरी वजन आता ७२ वर आले आहे. नवे आकडे सूत्रात घातले तर दिवसाचा खर्च २,१९५ वरून सुमारे २,११० वर उतरतो, म्हणजे १,८०० चे लक्ष्य तेच ठेवले तरी कपात ४०० ऐवजी ३१० ची उरते आणि वजन उतरण्याचा वेग मंदावतो. खर्चातून घटलेल्या या पंच्याऐंशी कॅलरी म्हणजे जेमतेम दोन लहान चमचे तेल. त्या पोळीला वरून लावण्याच्या तेलातून काढायच्या, की संध्याकाळच्या म्हशीच्या दुधाच्या चहातून, हे अजून ठरलेले नाही. आईचे मत चहाच्या बाजूने आहे.