नीट येत नाही? तरी या

"मला अजून नीट येत नाही हो, मी नुसती ऐकते."

आज आमच्या एकत्र वाजवण्याच्या बैठकीत एक नवखी ताई डल्सिमर (अमेरिकन लोकसंगीतातलं तंतुवाद्य) मांडीवर घेऊन असं म्हणाली, आणि शेवटपर्यंत तारेला बोट लावलं नाही. मनाला लागून राहिलं ते.

अ‍ॅपलेशियन डल्सिमर नवख्यांना फार सांभाळून घेतं. तारा ३ किंवा ४, पडदे बहुतेक शुद्ध स्वरांचेच. डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा लावलं की चाल एका तारेवर, बाकीच्या तानपुऱ्यासारख्या गुंजत राहतात. वेग झेपत नसेल तर लयीत मोकळ्या तारा छेडा. तेही वाजवणंच आहे!

घरी चुकलं की आपण थांबतो. बैठकीत गाणं पुढे जातं, आणि निसटलेली ओळ पुन्हा पकडायची कशी हे तिथेच उमगतं.

जुन्या वादकांनो, पुढच्या वेळी एखादं गाणं मुद्दाम संथ घ्याल का?