तरडगावचा टोप

वारीत दिवेघाट चढलो तेव्हा पाय ठणठणीत होते. सासवड, जेजुरी, वाल्हे कधी आलं कधी गेलं ते आता नीट आठवत पण नाही, नीरेवर पादुकांचं स्नान लांबून, लोकांच्या डोक्यांमधून दिसलं तेवढंच. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं आणि पुढे चालताना डाव्या टाचेला हा एवढा फोड आला.

तरडगावला तंबूत आलो तर गॅस संपलेला आणि टँकरचं पाणी गढूळ. म्हटलं उकळून पितो, तर आमच्याच दिंडीतले दोघं हसायला लागले. तोंडात माऊली माऊली आणि मनात शिव्या, खरं सांगतो.

तीन दगड मांडले, ओल्या बाभळीच्या काटक्या कोंबल्या, अर्धा तास नुसता धूर. शेजारच्या दिंडीतली एक म्हातारी तुळस खाली ठेवून बघत बसलेली, शेवटी उठली. "सरक बाबा." आधी टोप खाली घेतला आणि बाहेरून बुडाला ओल्या मातीचा लेप दिला. "काजळी घासाया तुझी आय येनार हाय का?" पाणी निवळू दिलं, धुवट पंच्याची चौपदरी घडी करून गाळलं. एक दगड सरकवून चुलीचं तोंड वाऱ्याकडे केलं. ओल्या काटक्या दगडांना टेकवून वाळत घातल्या, आत फक्त बारीक सुकी चिपाडं. वर ताटली. मी सारखी ताटली उचलून बघत होतो तर हातावर फटका बसला. बुडाला बारीक बुडबुडे दिसले, म्हटलं झालं, तर म्हणे कुठं झालं? मग खदखदायला लागलं, ताटली थडथड वाजायला लागली. "आता एक अभंग हुईस्तवर ऱ्हाऊ दे." असं खदखदल्यावर एक मिनिट पुरतं हे मला माहीत होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही, तिने सगळी कडवी म्हटली, वर शेवटचं दोनदा.

थोडं उकळतं पाणी मगात काढून त्यात सुई-दोरा टाकला आणि मग माझा फोड ओवला. मी बोंबललो. "वरड, भजन चाललंय, कुनाला ऐकू जातंय."

बाटल्या भरल्यावर म्हटलं आजी, तुम्ही पण घ्या यातलं. "मला टँकरचंच पचतंय."

पाया पडायला वाकलो तर ती माझ्या आधीच वाकलेली, आणि नेमका त्या फोडाच्याच पायाला हात लावला, अशी कळ गेली डोक्यात.