रात्र काळी का?

१९९० ची आमची दहावी. संध्याकाळच्या जादा तासाला लाइट गेली, तसं सरांनी वर्ग मैदानात आणून बसवला. "रात्र काळी का असते रे?"

"सूर्य मावळतो म्हणून," कुणीतरी म्हणालं.

"आणि वर काय कंदील टांगलेत?"

सरांनी मातीत काडीनं वर्तुळं काढली, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. दुप्पट लांबच्या पापुद्र्यातल्या ताऱ्याचा उजेड आपल्याकडं पावपट येणार, पण त्या पापुद्र्यात तारे चौपट. म्हणजे प्रत्येक पापुद्र्याचा उजेड सारखाच. पापुद्रे अनंत असतील, तर उसाच्या फडात जिकडं बघावं तिकडं ऊस, तसा आभाळात जिकडं बघावं तिकडं ताराच हवा. रात्रसुद्धा सूर्यासारखी लखलखीत! जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सनं हे १८२३ मध्ये मांडलं आणि त्याच्याही आधी खगोलशास्त्रज्ञ केप्लरला या काळोखानं छळलं होतं, हे मला फार पुढं कळलं.

"मधे धूळ असेल," मी ऐटीत म्हणालो.

"तवा चुलीवर कायमचा ठेवला तर?"

घरी जाताना सायकलवर डोक्यात उजेड पडला. धूळही तापून तापून तळपायला लागणार!

उत्तर सरांनी दिलंच नाही. बोर्डाला येणार नव्हतं, त्यामुळे कुणी मागितलंही नाही. मला ते कॉलेजच्या लायब्ररीत मिळालं. विश्वाचं वय आहे सुमारे १३८० कोटी वर्षं. फार लांबच्या ताऱ्यांचा उजेड अजून निघून पोचलेलाच नाही. झालं समाधान, म्हणेपर्यंत बिघडलं. आपल्या कोल्हापूरचे जयंत नारळीकर ज्या स्थिर स्थिती विश्वाच्या, म्हणजे फुगत असूनही कायम सारखंच दिसणाऱ्या विश्वाच्या, बाजूनं लढले, त्याला आरंभच नाही. मग तिथं रात्र काळी कशी? तर विश्व फुगतंय, दूरचा प्रकाश वाटेत ताणला जातो आणि त्याची ऊर्जा घटत जाते. एका अंधाराला दोन कारणं! १९६५ मध्ये सापडलेल्या सूक्ष्मलहरी प्रारणानं बहुतेकांचा कौल आरंभ असलेल्या विश्वाकडं गेला. गंमत म्हणजे ते प्रारणही आभाळभर पसरलेला, विश्वाच्या आरंभकाळचा जुना उजेडच, ताणून ताणून डोळ्यांना न दिसणारा झालेला. म्हणजे सरांचं आभाळ तसं रिकामं नव्हतंच.

मी शास्त्रज्ञ वगैरे झालो नाही. साखर कारखान्यात ऊसबिलं काढतो. आपल्या शाळेच्या स्नेहमेळाव्याच्या समितीला एकच विनंती : मेळाव्याच्या रात्री मैदानावरचे हॅलोजन पाच मिनिटं बंद ठेवा.